ओट्याची चमक परत आणताना: कोकणातल्या घरात ग्रॅनाइटची निगा

चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस आमच्याकडे अख्खं घर धुवायला निघतं. त्या वर्षी भिंती झाल्या, भांडी झाली, आणि शेवटी मी स्वयंपाकघरातल्या काळ्या ओट्याकडे वळले. बसवला तेव्हा त्यात ट्यूबलाइट दिसायची, आता नुसता राखाडी उजेड दिसत होता. दुकानातून मेणाचं पॉलिश आणलं, फडक्याने चोळलं, आणि गणपती येईपर्यंत ओटा असा झळकला की शेजारीण विचारून गेली. दिवाळीला त्याच ओट्यावर बोट टेकवलं की चिकटायचं. पीठ सांडलं की पुसलं जाईना, गरम कढई ठेवली तिथे पांढरं वर्तुळ. सासूबाई म्हणाल्या, "दगड तो, तेका काय होतला?" आणि दाढीचं जुनं ब्लेड घेऊन सिंकच्या बाजूचा कोपरा खरवडायला बसल्या. ब्लेडवर करड्या रंगाची मेणचट सालं गोळा झाली, आणि खाली चार बोटं रुंदीचा काळाभोर, चकचकीत पट्टा उघडा पडला. दगड होता तसाच होता. मी त्याच्यावर थर चढवत बसले होते.

घरातला ग्रॅनाइट निस्तेज दिसतो तेव्हा बहुतेक वेळा दगड झिजलेला नसतो. साबण, फोडणीच्या तेलाची वाफ, पाण्यातले क्षार, आणि असलंच तर आपण लावलेलं पॉलिश यांचं पापुद्र्यासारखं कवच त्यावर बसलेलं असतं. म्हणून काही लावण्याआधी काढायला शिकायचं. मशीन, पॅड, पावडर हे सगळं त्याच्या नंतर, आणि बहुतेक घरांना त्याची पाळीच येत नाही.

आधी दगड कोणता ते बघा

आपल्याकडे एकाच स्वयंपाकघरात तीन दगड सहज असतात. वर ग्रॅनाइटचा ओटा, त्याखाली सिलिंडरच्या खणाला कडप्पा, मागच्या पडवीत शहाबादी किंवा कोटा. सगळ्याला घरात सरसकट "लादी" म्हणतात आणि एकाच बाटलीने पुसतात. गोंधळ तिथेच सुरू होतो.

ग्रॅनाइट म्हणजे जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेल्या शिलारसाचा (मॅग्माचा) दगड. त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि थोडा अभ्रक असतो. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड. खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोहसच्या मापाने क्वार्ट्झ ७, फेल्डस्पारचा ६, आणि चुनखडीतल्या कॅल्साइटचा फक्त ३. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लिंबू, चिंच, कोकम आणि व्हिनेगर यांतल्या आम्लाने कॅल्साइट विरघळतं, क्वार्ट्झला मात्र काही होत नाही. कोकमाच्या आगळाची बाटली ओट्यावर कलंडली तर ग्रॅनाइटवर फार तर रंगाचा डाग पडेल. तीच कडप्प्यावर कलंडली तर पॉलिशच खाल्लं जाईल, आणि तिथे उरेल तो डाग नव्हे, खरवडल्यासारखा मंद ठिपका.

ओळखायचं असं. सिलिंडरमागे किंवा मिक्सरखाली, नजरेआड जाईल अशा जागी लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसा, जागा पूर्ण वाळू द्या आणि तिरप्या उजेडात बघा. थेंबाच्या आकाराचा मंद ठसा उरला तर तो चुनखडीचा दगड. पुढचं सगळं ग्रॅनाइटसाठी आहे, कडप्प्याला ते जसंच्या तसं लावू नका.

आणखी एक चाचणी काळ्या दगडासाठी. दुकानदार ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचा वेगळा दगड असतो. सोनेरी ठिपक्यांचा गॅलेक्सी आंध्रच्या प्रकाशम जिल्ह्यात चिमकुर्तीला निघतो, तोही त्याच घराण्यातला. हे दगड इतके घट्ट असतात की पाणी जवळपास पीतच नाहीत. पण मुळात करड्या असलेल्या दगडाला रंग किंवा तेल पाजून काळं करून विकण्याचीही रीत आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडं ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते) घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्याला काळं लागलं तर दगड रंगवलेला आहे, आणि त्यावर कोणतंही जहाल रसायन वापरलं की पांढुरके चट्टे उठणार. घ्यायच्या आधी दुकानातच ही चाचणी केली तर उत्तम. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या तर पडू द्या.

थर काढणं

यासाठी एक सकाळ मोकळी ठेवा. ओटा पूर्ण रिकामा करा, अर्धा करून उरलेला उद्या असं केलं की तो उद्या येत नाही. मिक्सर, डबे, तेलाची किटली, सगळं खाली.

आधी कोरड्या मऊ ब्रशने कण झाडा. आपल्याकडे ही पायरी सोडून चालत नाही, कारण आपल्या कणांत वाळू असते. पायाला लागून आलेली, वाऱ्याने खिडकीतून आलेली, आणि सगळ्यात जास्त तिसऱ्यांतली, म्हणजे खायच्या शिंपल्यांतली. तिसऱ्या कितीही वेळा धुवा, टोपाच्या बुडाला वाळू राहते. तो टोप ओट्यावरून ओढला की क्वार्ट्झचे कण फेल्डस्पारवर ओरखडे काढतात. माझ्या ओट्यावर सिंकपासून शेगडीपर्यंत जी बारीक रेघांची वाट आहे ती तशीच पडलेली.

मग एक लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. जास्त नको. उरलेला साबणच पुढे धुरकट दिसतो. या पाण्याने ओटा भिजवा आणि दहा मिनिटं ओलाच राहू द्या. नंतर दाढीचं नवं ब्लेड, शक्यतो काच खरवडायच्या होल्डरमध्ये बसवलेलं, दगडाशी जवळजवळ आडवं धरून हलक्या हाताने पुढे ढकला. ओला दगड, नवं ब्लेड, कमी कोन, या तिन्ही गोष्टी सांभाळा. पोलाद क्वार्ट्झपेक्षा मऊ असल्याने चकचकीत ग्रॅनाइटवर ते सहसा ओरखडत नाही. कुठे राखाडी रेघ उमटलीच तर ती दगडावर घासलं गेलेलं पोलाद असतं, सोड्याच्या लेपाने निघून जातं. ब्लेडचं टोक मात्र रुतवू नका. दगडाला खडबडीत किंवा चामड्यासारखं फिनिश असेल तर ब्लेड वापरूच नका, तिथे नायलॉनचा ब्रश.

ब्लेडवर काय गोळा होतंय ते बघत राहा, त्यावरून पुढचं औषध ठरतं. पिवळट आणि चिकट असेल तर तेल. तिथे खाण्याचा सोडा आणि पाण्याचा दाटसर लेप लावून पाच मिनिटांनी मऊ स्पंजने गोल फिरवायचा. करडं, मेणासारखं वळणारं असेल तर पॉलिश. त्याला पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन पुसायचं. शेगडी बंद, सिलिंडरचा कॉक बंद, देवघरातला दिवा विझवलेला, खिडक्या उघड्या, कारण ॲसिटोनची वाफ पटकन पेट घेते. पांढरं, खडूसारखं चुरणारं असेल तर पाण्यातले क्षार. ते नळाच्या बुडाशी जास्त असतात आणि धीराने, पुन्हा पुन्हा भिजवून खरवडले की निघतात.

शेवटी दोनदा साध्या पाण्याने पुसा आणि मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने लगेच कोरडं करा. हवेवर वाळू दिलंत तर पाण्यातले क्षार तिथेच बसतील आणि सकाळची मेहनत धुरकट दिसेल.

आता ट्यूबलाइट लावा आणि तिचं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ, कडा तीक्ष्ण दिसली तर काम झालं. फक्त शेगडीपुढच्या हातभर जागेत ती विरत असेल, तर तेवढी जागा खरंच झिजली आहे.

राख, तारेची घासणी आणि ॲसिड

भाताच्या तुसाची राख पितळ्याच्या भांड्यांना छान. त्यात भरपूर सिलिका, म्हणजे वाळूतलाच कठीण पदार्थ, असते आणि पितळ उजळतं ते तिच्या घर्षणानेच. ओट्यावर तेच घर्षण रोज केलं तर चमक हळूहळू मंदावते. तारेच्या घासणीचं दुखणं वेगळं. तिचे केसाएवढे तुकडे सिंकच्या कडेला अडकतात, खाऱ्या हवेत दोन दिवसांत गंजतात आणि तांबूस ठिपके सोडतात.

बाथरूमचं ॲसिड ओट्यावर नको. ग्रॅनाइट टिकेल, पण सांध्यातलं सिमेंट, खालचा कडप्पा आणि स्टीलचं सिंक टिकणार नाही. गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं. ते थेट सिलिकेवरच चालतं, म्हणजे ग्रॅनाइटही खातं, आणि कातडीला लागलं तर आत खोलवर भाजतं. लेबलवर हे नाव दिसलं तर बाटली परत ठेवा. ब्लीचिंगचं पाणी आणि ॲसिड किंवा व्हिनेगर एकाच दिवशी, एकाच जागी कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

डाग, ज्याचा त्याचा उपाय

डाग म्हणजे दगडाच्या आत शिरलेली वस्तू. घासून ती बाहेर येत नाही, ओढून काढावी लागते, आणि त्यासाठी लेप. कल्पना सोपी आहे. दगडातला डाग ज्यात विरघळतो असा द्रव घ्यायचा, तो एखाद्या शोषणाऱ्या पावडरीत कालवायचा आणि डागावर थापायचा. द्रव दगडात शिरतो, डाग विरघळवतो, आणि लेप वरून वाळायला लागला की डागासकट वर ओढला जातो.

खोबरेलाचा डाग आमच्याकडे हमखास. तेलाच्या घाण्यावरून आणलेला कॅन रात्रभर ओट्यावर राहिला आणि सकाळी फिकट ग्रॅनाइटवर कॅनच्या बुडाचं गोल ओलं वर्तुळ. दोन दिवसांनीही "ओलं" राहिलं म्हणजे ते पाणी नाही, तेल. त्यावर असा लेप केला:

पाव वाटी पावडर घेतली. पुस्तकी सल्ला मैद्याचा असतो. पहिल्यांदा मी मैदाच वापरला आणि सकाळी लेपाभोवती मुंग्यांची वारी लागलेली. तेव्हापासून बिनवासाची टाल्कम पावडर. त्यात थोडं थोडं ॲसिटोन घालत श्रीखंडाइतकं घट्ट होईपर्यंत कालवलं. बोटावर घेतलं तर ओघळायला नको, पण पसरायला हवं. डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जाईल असा, अर्ध्या सेंटिमीटर जाडीचा थर दिला. वरून प्लास्टिकचा कागद, चारी बाजूंनी चिकटपट्टी, आणि कागदाला सुईने पाच-सहा भोकं. चोवीस तासांनी कागद काढायचा आणि लेप पूर्ण वाळू द्यायचा. इथे घाई केली तर सगळं वाया जातं, कारण ओढण्याचं खरं काम वाळतानाच होतं. लेप भुसभुशीत झाला, कडा आपोआप सुटल्या, की जुन्या एटीएम कार्डाने उचलायचा. माझा पहिला लेप उचलला तेव्हा खालच्या बाजूला पिवळसर वर्तुळ होतं आणि दगडावरचं वर्तुळ निम्म्याने फिकटलं होतं. तिसऱ्या लेपाला ते गेलं. जुना डाग पाच लेपही खातो.

पावसाळ्यात हे करत बसू नका. हवाच इतकी ओली असते की लेप वाळत नाही, वरून बुरशी धरतो.

हळदीची गोष्ट मजेशीर आहे. हळदीच्या डागावर सोडा किंवा साबण लावला की तो लाल होतो, आणि माणूस घाबरून आणखी घासतो. कुंकू हळदीला चुन्याच्या निवळीने लाल करूनच बनवतात, तीच क्रिया ओट्यावर झालेली असते. तेव्हा सोडा नको. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. ताजा डाग स्पिरिटच्या बोळ्याने टिपा, पसरवू नका. उरलेला ऊन खातं. ओट्यावर खिडकीतून ऊन येत असेल तर चार दिवस वाट बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. चहा, कोकम, आमसुलाचं सार यांच्या डागांना हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टाल्कमचा लेप. मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचं मिळतं, तेवढं पुरतं. हातमोजे घाला, आणि काळा दगड रंगवलेला असल्याचा संशय असेल तर कोपऱ्यात आधी करून बघा.

देवघराच्या ग्रॅनाइटवर तेल, कुंकू आणि काजळी अशी तिन्ही एकत्र असतात. तिथे क्रम असा: आधी ब्लेडने काजळीचा थर, मग ॲसिटोनने तेल, शेवटी कुंकवाला स्पिरिट. समईखाली पितळी ताटली ठेवली तर यातलं निम्मं काम उरतच नाही.

गंजाला किनारपट्टीवर निमंत्रण लागत नाही. सिलिंडरचं कडं, कोयता, विळीचा लोखंडी पाय, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, यातलं काहीही ओलं राहिलं की एका रात्रीत तांबूस ठसा. वरवरचा असेल तर ब्लेड आणि सोड्याने जातो. आत शिरलेल्या गंजाला दगडासाठीचंच, आम्लविरहित गंजनाशक घ्या. लावल्यावर ते जांभळं होतं, लोखंडाशी क्रिया झाल्याची ती खूण. फिकट ग्रॅनाइटमध्ये कधी दगडातल्याच लोखंडी खनिजाला ओल लागून तांबूस ठिपके उमलतात. ते लेपाने जातात आणि पुढच्या पावसात परत येतात. त्यांच्याशी भांडण करू नका, खालून ओल कुठून येते ते शोधा.

सीलर लावायचा की नाही

सीलर म्हणजे दगडात पाणी-तेल शिरू नये म्हणून लावायचा द्रव. दुकानात विचारलंत तर उत्तर नेहमी "लावा" असंच मिळेल. ओट्याला विचारा. चमचाभर पाणी एका जागी ओता आणि पंधरा मिनिटं घड्याळ लावून बघा. पुसल्यावर दगड गडद झालेला दिसला तर तो पाणी पितो आहे, सीलर लावा. रंग बदलला नाही तर लावू नका. घट्ट काळ्या दगडात सीलर शिरतच नाही, वरच वाळतो आणि धुरकट, बोटांचे ठसे उमटणारा थर होतो. माझ्या मेणाच्या पॉलिशचीच ती महाग आवृत्ती. चाचणी एकाच जागी करू नका, सिंकजवळ एक, शेगडीजवळ एक, कोपऱ्यात एक. सिंकजवळचा दगड आधी तहानलेला होतो.

सीलर घ्यायचा तो आत शिरणारा, वर चकाकी देणारा नव्हे. पाणी आणि तेल दोन्ही अडवतो असं लेबलवर लिहिलेलं हवं. नुसता पाणी अडवणारा आपल्या स्वयंपाकघरात अर्धाच उपयोगाचा, इथे खरा शत्रू खोबरेल आहे.

वेळ दिवाळीनंतरची. चतुर्थीच्या आधी सीलर मारायचा मोह सगळ्यांना होतो, पण श्रावण-भाद्रपदात दगडाच्या अंगातली ओल गेलेली नसते आणि सीलरखाली ती कोंडली जाते. चतुर्थीला फक्त थर काढा, पाहुण्यांना तेवढं पुरतं. नोव्हेंबर ते मे या काळात ओटा धुऊन दोन दिवस कोरडा ठेवा. त्या दोन दिवसांत स्वयंपाक पडवीत, नाहीतर शेजारी.

लावताना हातभर रुंदीचा एकेक पट्टा घ्या. फडक्याने सीलर पसरवा, डब्यावर लिहिलेली मिनिटं थांबा, आणि तो वाळायच्या आत उरलेला सगळा पुसून घ्या. सीलर फसतो तो इथेच. लोकांना वाटतं जास्त राहिला तर जास्त टिकेल, पण वर राहिलेला सीलर कसलाच टिकाव देत नाही, फक्त चट्टे देतो. चट्टे पडलेच तर त्यावर ताजा सीलर चोळा. जुना त्यात सुटतो, मग दोन्ही लगेच पुसून घ्या. पूर्ण एक दिवस ओट्यावर पाणी नको. पुन्हा कधी लावायचा हे कॅलेंडर बघून ठरवू नका, पाण्याची चाचणी नापास झाली की लावा.

खरंच झिजला असेल तर

थर काढला, डाग काढले, तरी प्रतिबिंब विरतंय, मग मशीनचा विचार. कारागीर वापरतात ते हिऱ्याच्या भुकटीचे पॅड, साधारण ४ इंची, आकड्यांनी ओळखले जाणारे: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० आणि शेवटी बफ. आकडा वाढेल तसा पॅड बारीक. प्रत्येक पॅडचं काम एवढंच की आधीच्या पॅडचे ओरखडे घालवून स्वतःचे बारीक ओरखडे ठेवायचे. म्हणून मधला पॅड गाळला की पाप लपत नाही. २०० वरून थेट १५०० वर उडी मारली तर २०० चे ओरखडे चकचकीत होऊन दिसतात.

घरच्या ओट्याला सहसा ५० आणि १०० लागतच नाहीत. ते फरशी समतल करायचे. नुसती चमक मंदावली असेल तर ८०० पासून सुरू करा, ओरखडे गेले नाहीत तरच मागे ४०० ला या. आमच्या एका नातलगाकडे आलेल्या पॉलिशवाल्याने अंगणातल्या पायऱ्यांवर वापरलेला ५० नंबरचाच पॅड ओट्यावर चढवला. दगड दुधासारखा पांढरा झाला, आणि तो परत काळा करायला दोन दिवस गेले.

स्वतः करणार असाल तर या गोष्टी पक्क्या करा. साधा कटिंगचा ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतो. पॅडसाठी वेग बदलता येणारं, चार हजारांच्या खाली चालणारं पॉलिशर लागतं. पॅड सतत ओला हवा, आणि पाणी आणि वीज एकत्र म्हणजे ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारं बटण) असलेल्या प्लगवरच मशीन लावायचं, रबरी चपला घालून, वायर खांद्यावरून मागे टाकून. कोरडं घासणं तर अजिबात नको. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. दगडखाणीतल्या कामगारांना होणारा सिलिकोसिस तोच. ओल्या कामातही मास्क ठेवा, आणि राडा वाळायच्या आत ओल्या फडक्याने उचला.

हात सतत हलता ठेवा, पॅड सपाट ठेवा. एकाच जागी रेंगाळलात तर तिथे उथळ खड्डा होतो आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाण्यात पडल्यासारखं वाकडं दिसतं. प्रत्येक नंबरनंतर राडा धुऊन, पुसून, वाळवून बघा, ओला दगड सगळाच चकचकीत दिसतो. ३००० नंतर काळ्यासाठी काळा, फिकट दगडासाठी पांढरा बफ. हातभर जागेसाठी मशीन नको असेल तर टिन ऑक्साइडची पॉलिश पावडर पाण्यात कालवून नमद्याच्या तुकड्याने दाबून घासा. मनगट दुखेपर्यंत घासावं लागतं, आणि नखाला जाणवणारा ओरखडा त्याने जात नाही. फरशीला लावतात ती ऑक्झॅलिक पावडर चुनखडीच्या दगडासाठी, ग्रॅनाइटवर तिचा उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर अख्खा ओटा घरी पॉलिश करू नका. कारागीर बोलवा आणि काम सुरू व्हायच्या आधी त्याला दोनच प्रश्न विचारा: पहिला पॅड कितीचा, आणि पाणी चालू ठेवणार ना. उत्तर द्यायला तो अडखळला तर चहा पाजून निरोप द्या.

कडा, सांधे आणि बाहेरचा दगड

नारळ ओट्याच्या कडेवर फोडायची सवय मोडा. दगड दाब सोसतो, कडेवरचा घाव सोसत नाही. टवका उडालाच तर तो तुकडा जपून ठेवा, इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने) जागच्या जागी बसतो. तुकडा हरवला तर इपॉक्सीत दगडाची पूड मिसळून खड्डा किंचित उंच भरा आणि पूर्ण कडक झाल्यावर नव्या ब्लेडने पातळीत आणा.

ओटा आणि भिंतीच्या सांध्यातलं पांढरं सिमेंट काळवंडतं, मग तडकतं, मग पाणी आत जातं. जांभ्याच्या भिंतीत ती ओल वर चढते आणि सांध्यावर मिठासारखी पांढरी भुकटी फुलते. ती रोज पुसून काही होत नाही. सांधा कोरून काढा, आठवडाभर वाळू द्या, आणि बुरशीरोधक सिलिकॉन भरा.

तुळशी वृंदावनाला आणि पायऱ्यांना चकचकीत ग्रॅनाइट बसवायची टूम आली आहे. मृगाच्या पहिल्या सरीत त्या पायऱ्यांवर कोण ना कोण आपटतं. बाहेरच्या चालायच्या जागेला भाजलेलं, खरखरीत फिनिशच घ्या. शेवाळ धरलं तर मे महिन्यात कडक ब्रशने कोरडंच घासून काढा, ओलं घासलं तर ते फक्त पसरतं.

घर बंद करून जाताना

मे महिना संपला की चाकरमानी कुलूप लावून निघतात आणि घर थेट चतुर्थीला उघडतं. निघायच्या आदल्या रात्री ओटा साबणाच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवा. तेलाचे डबे, लोखंडी तवा, लायटर, विळी, काहीच ओट्यावर ठेवू नका. सिंकच्या नळाची गळती बघा, तीन महिने एकाच जागी पडणारा थेंब क्षारांचा टेकू उभा करतो. आणि धूळ बसू नये म्हणून ओट्यावर वर्तमानपत्र पसरून जाऊ नका. पावसात ते दमट होऊन दगडाला चिकटतं, आणि भाद्रपदात दार उघडाल तेव्हा फिकट ग्रॅनाइटवर मे महिन्यातल्या बातम्या उलट्या अक्षरांत छापलेल्या मिळतील. झाकायचंच असेल तर जुनं सुती लुगडं घाला.